हवाली : प्रत्यर्पणाची सीमा आणि राज्याराज्यांतील वाद

एका राज्यात अपराध केल्याचा आरोप असलेला किंवा तेथे शिक्षा झालेला मनुष्य दुसऱ्या राज्याच्या हद्दीत सापडला, आणि पहिल्या राज्याने त्याची मागणी केल्यावर दुसऱ्या राज्याने त्याला रीतसर स्वाधीन केले, तर त्या क्रियेला आजच्या कायद्याच्या भाषेत ‘प्रत्यर्पण’ असे म्हणतात. हा शब्द पारिभाषिक कोशातून आलेला आहे. बोलण्यातला जुना शब्द ‘हवाली करणे’ हा आहे, आणि विषयाचे मर्म त्या जुन्या शब्दाने अधिक नेमके पकडले आहे असे मानण्यास जागा आहे. ‘प्रत्यर्पण’ या शब्दातील ‘प्रति’ हा उपसर्ग असे सुचवतो की ज्याची वस्तू त्याला परत केली जात आहे, म्हणजे मागितलेला मनुष्य मुळात मागणाऱ्या राज्याचाच होता. ‘हवाली’ हा शब्द असे काही गृहीत धरत नाही. एका हातातून दुसऱ्या हातात गेले, आणि ज्याच्या हाती गेले त्याच्यावर त्याची जबाबदारी आली, एवढेच तो सांगतो. आणि हात बदलण्याचा तो क्षण कोणाच्या अधिकाराने आला, कोणत्या अटीवर आला, आणि तो चुकून आला असेल तर मागे फिरवता येतो काय, याच प्रश्नांवरून राज्याराज्यांत भांडणे झालेली आहेत.

प्रत्यर्पणाच्या मर्यादा म्हणून जी तत्त्वे पाठ्यपुस्तकांत सांगितली जातात ती एकोणिसाव्या शतकात युरोपात आकाराला आली. ज्या कृत्यासाठी मनुष्य मागितला जातो ते कृत्य दोन्ही राज्यांत अपराध असले पाहिजे, याला दुहेरी अपराधितेचे तत्त्व म्हणतात. ज्या आरोपासाठी तो मिळाला त्याच आरोपावर खटला चालवावा, त्याला आणल्यावर जुनी पाने उलटून नवे आरोप लादू नयेत, याला विशेषतेचे तत्त्व म्हणतात. या दोहोंपेक्षा अधिक वादग्रस्त आहे तो राजकीय अपराधाचा अपवाद, म्हणजे राजसत्तेविरुद्ध केलेल्या कृत्यासाठी आश्रयास आलेल्या माणसाला परत न देण्याचा नियम. बेल्जियमने १८३३ च्या कायद्यात तो प्रथम लिहून काढला आणि ब्रिटनने १८७० च्या प्रत्यर्पण कायद्यात स्वीकारला. त्यापूर्वीच्या राजांचा व्यवहार याच्या नेमका उलट होता: चोर-दरोडेखोर परत मिळाला नाही तरी त्यांचे चालत असे, पण बंडखोर मात्र परत हवा असे. जो गुन्हेगार राजाला सर्वांत जास्त हवा तोच द्यायचा नाही, असे ठरवणारा हा अपवाद राजेलोकांना किती जड गेला असेल याची कल्पना करता येते.

ही तत्त्वे युरोपातून आली म्हणून त्यांच्यामागचा प्रश्नही युरोपाचाच, असे मात्र मानू नये. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर १६८१ मध्ये मराठी राज्यात आश्रयास आला, तेव्हा बादशहा स्वतः दक्षिणेत उतरूनही संभाजी महाराजांनी त्याला बापाच्या स्वाधीन केले नाही, आणि १६८७ मध्ये अकबर समुद्रमार्गे इराणकडे निघून गेला. शरणागताला न देणे हा तेथे कायद्याचा नव्हे, तर राजधर्माचा व लौकिकाचा भाग होता. अर्थात त्यात राजकारणाचा हिशेबही होता. पण हिशेबाविना आश्रय कोणत्याच काळात दिला गेलेला नाही.

या विषयाचा विचार लंडन, पॅरिस किंवा हेग येथून सुरू करण्याची प्रथा आहे. तो साकोलीसारख्या तहसिलीच्या गावातून सुरू केला तरी बिघडत नाही, किंबहुना सीमा म्हणजे काय हे तेथून अधिक स्वच्छ दिसते. इंग्रजी अमलात साकोली ही मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्याची तहसील होती, आणि त्या जिल्ह्याच्या पूर्वेला छुईखदान, खैरागड आणि नांदगाव ही छत्तीसगडची संस्थाने लागून होती. साकोलीहून रायपूरच्या वाटेने देवरी मागे टाकून पुढे गेलेला मनुष्य संस्थानी हद्दीत शिरला की इंग्रजी पोलिसाचा अधिकार तेथे संपत असे. उलट संस्थानात गुन्हा करून इकडे आलेला मनुष्य हवा असेल तर १९०३ च्या भारतीय प्रत्यर्पण कायद्याप्रमाणे पोलिटिकल एजंटाने वॉरंट काढून ते जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे पाठवावे लागे. ही संस्थाने सार्वभौम नव्हती हे सर्वांना ठाऊक होते, तरीही माणूस हलवायचा तर कागद लागत असे. आज त्याच रस्त्याला राष्ट्रीय महामार्ग ५३ म्हणतात, त्यावरून रात्रंदिवस ट्रक धावतात, आणि छत्तीसगडचा पोलीस साकोलीत आरोपी पकडतो तेव्हा त्याला प्रत्यर्पण लागत नाही. जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करून प्रवासापुरती कोठडी, म्हणजे ज्याला पोलीस आणि वकील ‘ट्रान्झिट रिमांड’ म्हणतात ती, मिळवली की पुरते. सीमा तीच, नदीनाले तेच. तिचा अर्थ तेवढा बदलला.

त्याआधी हाच मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता, आणि प्रत्यर्पणाच्या इतिहासातील एक अत्यंत बोलके प्रकरण त्या घराण्यातील अप्पासाहेब भोसल्यांचे आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत पराभव झाल्यावर अप्पासाहेब काही महिने नावापुरते गादीवर राहिले. मार्च १८१८ मध्ये रेसिडेंट जेंकिन्स याने त्यांना अटक केली आणि अलाहाबादकडे रवाना केले. मे महिन्यात, जबलपूरच्या बाजूच्या मुक्कामावरून, पहाऱ्यातील शिपायांना फितवून ते निसटले, आणि महादेवाच्या डोंगरातून असीरगड, तेथून पंजाब असे वर्षानुवर्षे भटकत अखेर जोधपूरला पोहोचले. तेथे नाथपंथीयांच्या महामंदिरात त्यांनी आसरा घेतला. जोधपूरचा राजा मानसिंह नाथांचा निस्सीम भक्त होता, आणि त्याचे राज्य १८१८ च्या तहाने कंपनीच्या छत्राखाली आलेले होते. तरीही कंपनी सरकारने मागणी केली तेव्हा शरण आलेल्याला देवस्थानातून काढून देणे आपल्याला शक्य नाही असे त्याने कळवले, आणि अप्पासाहेबांच्या वर्तणुकीची हमी स्वतःवर घेतली. कंपनीने ते चालवून घेतले. अप्पासाहेब १८४० मध्ये जोधपुरातच वारले.

या प्रकरणाकडे सहसा एका पराभूत राजाची करुण कथा म्हणून पाहिले जाते, पण प्रत्यर्पणाच्या अभ्यासकाला त्यात दुसरेच काही दिसावे. नकार देणारा मानसिंह दुबळा होता आणि मागणारी कंपनी बलाढ्य होती. तरीही कंपनीने सक्ती केली नाही, कारण तोवर अप्पासाहेबांपासून तिला धोका उरलेला नव्हता, आणि नागपूरच्या गादीवर तिने आपल्या पसंतीचा वारस बसवलेला होता. मागितलेल्या माणसाची किंमत मागणाऱ्याच्या लेखी उतरली की नकार पचतो.

किंमत चढलेली असली की काय होते, ते त्र्यंबकजी डेंगळे यांच्या प्रकरणात दिसते. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले होते, आणि जुलै १८१५ मध्ये पंढरपूर येथे त्यांचा खून झाला. रेसिडेंट एल्फिन्स्टन याने संशय दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू कारभारी त्र्यंबकजी याच्यावर ठेवला आणि त्याची मागणी केली. खून पेशव्याच्या राज्यात झालेला, मारला गेला तो गायकवाडांचा माणूस, आणि ज्याच्यावर आरोप तो पेशव्याचा प्रजाजन. आजच्या कोणत्याही कसोटीने पाहिले तर या मागणीला प्रत्यर्पण म्हणणेही कठीण, कारण मागणाऱ्याचा अधिकार दिलेल्या हमीखेरीज दुसऱ्या कशावर उभा नव्हता. बाजीरावाने टाळाटाळ करून सप्टेंबरात त्र्यंबकजीला हवाली केले आणि त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. फितुरी होऊ नये म्हणून पहारा सगळा गोऱ्या शिपायांचा ठेवला होता, आणि नेमके तेच अंगाशी आले. किल्ल्यातील एका अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार कैद्याच्या खिडकीखालून जाता-येता सहज गुणगुणावे तसा गात असे, आणि त्या गाण्यातून पळण्याची सारी योजना आत पोहोचत असे. पहारेकऱ्यांपैकी कोणालाही ती भाषा कळत नव्हती. सप्टेंबर १८१६ मध्ये त्र्यंबकजी निसटला.

पुढची गोष्ट मनुष्य परत मिळवण्याची राहिली नाही. मे १८१७ मध्ये एल्फिन्स्टनने पेशव्याला एका महिन्याची मुदत दिली आणि तोपर्यंत तारण म्हणून सिंहगड, पुरंदर आणि रायगड हे किल्ले मागितले. जूनमधील पुण्याच्या तहात पेशव्याने मराठमंडळाच्या प्रमुखपदावरील हक्क सोडला आणि मुलूखही दिला. एका कारभाऱ्यासाठी तीन किल्ले गहाण पडले. त्र्यंबकजी सापडला १८१८ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडाल्यावर, आणि चुनारच्या किल्ल्यात गेला. मागणी मान्य करूनही राज्य वाचत नाही, हे बाजीरावाला दोनदा अनुभवावे लागले. पण त्याच्याविषयी फार कळवळा वाटावा असेही त्याचे वर्तन नव्हते.

या पार्श्वभूमीवर १९१० चे मार्सेलिस प्रकरण वाचले की त्याचे वेगळेपण कळते. ‘त्रिखंडात गाजलेली उडी’ या शब्दांनी ते मराठी माणसाला लहानपणापासून परिचित आहे, आणि परिचयामुळेच त्यातील कायदा बहुधा न वाचलेला राहिला आहे. उडी सर्वांना ठाऊक असते. उडीनंतर सात महिने दोन साम्राज्यांमध्ये कशावरून वाद चालला, ते थोड्यांना.

नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी वध केला. त्यासाठी वापरलेले ब्राउनिंग पिस्तूल विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून पाठवलेल्या शस्त्रांपैकी होते, असा सरकारचा आरोप होता. सावरकर पॅरिसहून लंडनला परतले तेव्हा १३ मार्च १९१० रोजी व्हिक्टोरिया स्थानकावर त्यांना अटक झाली. राजाविरुद्ध युद्ध पुकारणे, राजद्रोह, शस्त्रे पुरवणे आणि खुनाला साहाय्य अशा स्वरूपाचे आरोप ठेवले गेले. येथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद तिच्यातून निघतो. सावरकरांना मुंबईकडे पाठवण्याचा हुकूम १८७० च्या प्रत्यर्पण कायद्याखाली नव्हे, तर १८८१ च्या फरारी अपराधी कायद्याखाली निघाला. हा दुसरा कायदा ब्रिटिश साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात आरोपी पाठवण्यासाठी होता, आणि राजकीय अपराधाचा अपवाद त्यात नव्हता. एकाच घराच्या दोन खोल्यांमध्ये कसला आला आश्रय, अशी त्यामागची भूमिका होती. लंडनच्या न्यायालयांनी सावरकरांचे अर्ज फेटाळले, आणि १ जुलै रोजी ‘मोरिया’ ही आगबोट त्यांना घेऊन निघाली.

फ्रान्सच्या किनाऱ्यावर पाय ठेवताच ही स्थिती बदलत होती. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात १८७६ चा प्रत्यर्पण करार होता आणि त्यात राजकीय अपराधाचा अपवाद होता; म्हणजे तेथून सावरकर हवे असतील तर ब्रिटनला मागणी करावी लागली असती, आणि ती मागणी राजकीय ठरून नाकारली जाण्याची शक्यता होती. श्यामजी कृष्णवर्मा, मादाम कामा आणि सरदारसिंह राणा हे भारतीय क्रांतिकारक त्या काळात पॅरिसमध्ये उघडपणे राहत होते ते याच आधारावर. खुनाला साहाय्य केल्याचा आरोप राजकीय मानला गेला असता की नाही, यावर मतभेद होऊ शकतो. इंग्लंडमधील न्यायालयांनीच १८९० मध्ये स्वित्झर्लंडमधील उठावात एका अधिकाऱ्याला गोळी घालणाऱ्या कास्तिओनीला या अपवादाचा लाभ दिला आणि १८९४ मध्ये पॅरिसमध्ये स्फोट घडवणाऱ्या मेनिएला तो नाकारला. पण असा प्रश्न एखाद्या फ्रेंच अधिकाऱ्यापुढे किंवा न्यायाधीशापुढे उपस्थित होणे, हेच त्या उडीचे कायदेशीर उद्दिष्ट होते. धैर्य तिच्यात होतेच. कायद्याचे ज्ञानही होते, आणि ते बॅरिस्टरीच्या अभ्यासातून आलेले होते.

८ जुलैच्या सकाळी सहा ते सातच्या दरम्यान, ‘मोरिया’ मार्सेलिसच्या बंदरात उभी असताना, सावरकर शौचकुपाच्या गोल खिडकीतून पाण्यात उतरले, पोहून धक्क्याला लागले आणि धावू लागले. फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका ब्रिगेडियरने त्यांना धरले आणि, मागून आलेल्या बोटीवरील तिघांच्या मदतीने, पुन्हा बोटीवर नेऊन सोडले. ब्रिगेडियर म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मोठा सेनाधिकारी उभा राहतो, पण फ्रेंच पोलिसांतले हे पद अगदी कनिष्ठ, आपल्याकडच्या हवालदाराच्या बरोबरीचे आहे. आणि ‘हवालदार’ हा शब्द ‘हवाला’ यावरूनच आलेला असल्यामुळे, ज्याच्याकडे सोपवायचे त्यानेच सोपवून टाकले, असा एक विचित्र योग येथे जुळून आला. फ्रेंच सरकारचे म्हणणे असे की, धरलेला मनुष्य कोण आहे याची त्याला कल्पना नव्हती. बोटीवर काही अपराध करून पळालेला खलाशी असावा असे त्याला वाटले. न वॉरंट, न करार, न मंत्र्याची सही: एका हवालदाराने दहा-पंधरा मिनिटांत जे केले ते करण्यास फ्रान्सच्या सरकारला एरवी महिने लागले असते, आणि कदाचित त्याने ते केलेही नसते. दुसऱ्या दिवशी ‘मोरिया’ने बंदर सोडले.

पॅरिसमध्ये बातमी फुटल्यावर, विशेषतः जाँ जोरेस यांच्या ‘ल्युमानिते’ या समाजवादी पत्रातून, गवगवा झाला आणि फ्रेंच सरकारने सावरकरांना परत मागितले. ब्रिटनने नकार दिला, पण लवादाला मान्यता दिली; २५ ऑक्टोबर १९१० च्या करारनाम्याने हेग येथील स्थायी लवाद न्यायालयाच्या यादीतून पाच लवाद निवडले गेले. बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेर्नार्त अध्यक्ष होते. फ्रान्सचे लुई रेनो, ब्रिटनचे लॉर्ड डेसार्ट, नॉर्वेचे ग्राम आणि हॉलंडचे साव्होर्निन लोमान हे इतर चौघे. त्यांच्यापुढे प्रश्न एकच ठेवला होता: आंतरराष्ट्रीय कायद्याच्या नियमांनुसार विनायक दामोदर सावरकर यांना ब्रिटनने फ्रान्सला परत द्यावे की नाही? फेब्रुवारी १९११ मध्ये सुनावणी चार दिवसांत आटोपली आणि २४ फेब्रुवारीला निवाडा आला.

निवाडा लहान आहे आणि त्याची रचना चलाख आहे. बोट येण्याआधी लंडनच्या पोलिसांनी पॅरिसला पत्र पाठवून कैद्याची माहिती दिली होती, मार्सेलिसच्या अधिकाऱ्यांना सूचना गेल्या होत्या, एक फ्रेंच पोलीस अधिकारी बोटीवर येऊन पहाऱ्याबाबत सहकार्य देऊन गेला होता. म्हणून ब्रिगेडियर वरिष्ठांच्या सूचनेनुसारच वागत आहे असे ब्रिटिश पोलिसांना वाटणे स्वाभाविक होते, असे लवादाने म्हटले. ब्रिटनने फसवणूक केलेली नाही की बळ वापरलेले नाही, सगळे सद्हेतूने वागले, तेव्हा फ्रान्सच्या सार्वभौमत्वाचा भंग झाला असे म्हणता येत नाही. अटकेत आणि सोपवण्यात अनियमितता झाली हे लवादाने मान्य केले. पण परकी राज्याच्या नोकराने केलेल्या चुकीमुळे हाती आलेला कैदी परत करण्याचे बंधन घालणारा कोणताही नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही, असे सांगून सावरकरांना परत देण्याची गरज नाही असा निर्णय दिला.

या निवाड्यावर पुष्कळ टीका झाली आहे आणि तिच्यातील बराचसा भाग योग्य आहे. अनियमितता मान्य करायची आणि तिचा कोणताही परिणाम मानायचा नाही, म्हणजे चूक झाली पण ती कोणाची नाही असे म्हणण्यासारखे आहे. मात्र टीकाकारांनी फ्रान्सची बाजू न्यायाची आणि ब्रिटनची अन्यायाची अशी जी मांडणी केली आहे ती पुरी पडत नाही. फ्रान्सने जे मागितले ते सावरकरांचे स्वातंत्र्य नव्हते, आपल्या जमिनीचा मान होता. सावरकर परत आले असते तर पुढे काय, याचे वचन फ्रान्सने कोठेही दिलेले नव्हते. ज्याच्याविषयी वाद होता तो मनुष्य त्या वादात पक्षकार नव्हता, त्याचा वकील हेगमध्ये नव्हता, आणि आश्रयाचा हक्क त्याचा नसून आश्रय देणाऱ्या राज्याचा आहे, हे दोन्ही बाजूंनी धरूनच चालले होते. लवादासमोर कागद पडत होते तोवर मुंबईच्या विशेष न्यायाधिकरणाने २३ डिसेंबर १९१० रोजी पहिली आणि ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी जन्मठेप सुनावलीही होती, आणि अटक कशी झाली याच्याशी आपल्या अधिकारक्षेत्राचा संबंध नाही असे ठरवले होते. हेगचा निवाडा आला तेव्हा अंदमानची वाट ठरलेली होती.

मनुष्य कसाही हाती आला तरी एकदा न्यायालयापुढे आल्यावर खटला चालतो, हे मत त्यानंतरही टिकून राहिले. इस्रायलने १९६० मध्ये नाझी अधिकारी आइखमानला अर्जेंटिनातून पळवून नेल्यावर, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये मेक्सिकोतून उचलून आणलेल्या डॉक्टरवर खटला चालू द्यावा असे ठरवल्यावर, त्याचाच आधार घेतला गेला. पण या दोन्ही ठिकाणी बळजबरी होती. मार्सेलिसला ती नव्हती, हा फरक हेगच्या लवादाने स्वतःच करून ठेवला होता आणि नंतरचे तो सोयीस्करपणे विसरले. ब्रिटनच्या लॉर्ड सभेने मात्र १९९३ मध्ये बेनेट प्रकरणात उलट वळण घेतले: प्रत्यर्पणाची रीत डावलून आणलेल्या माणसावर खटला चालवणे हा न्यायप्रक्रियेचा गैरवापर ठरू शकतो, असे ते न्यायाधीश म्हणाले. ज्या देशाने १९११ मध्ये उलट बाजू मांडून जिंकले, त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायासनाकडून हे यावे, यातील विसंगती गमतीची आहे. पण त्याला ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

स्वतंत्र भारतात भूमिका पालटली. मागितल्या जाणाऱ्यांच्या बाजूने उभा राहिलेला समाज आता मागणारा झाला, आणि १९६२ च्या प्रत्यर्पण कायद्याने विशेषतेचे तत्त्व व राजकीय अपराधाचा अपवाद हे दोन्ही आपल्या कायद्यात आणले. १९९३ च्या दुरुस्तीने आणखी एक कलम घातले गेले: ज्या अपराधाला भारतात फाशी आहे पण देणाऱ्या देशात नाही, त्यासाठी आणलेल्या माणसाला जन्मठेपेपेक्षा अधिक शिक्षा नाही. त्याच वर्षीच्या १२ मार्चला मुंबईत साखळी स्फोट झाले आणि २५७ माणसे मेली, आणि त्या खटल्यातील फरारी आरोपी अबू सालेम २००२ मध्ये लिस्बनमध्ये पकडला गेला तेव्हा या कलमाचीही मर्यादा उघडी पडली. कारण पोर्तुगालने नागरी गुन्ह्यांसाठी फाशी १८६७ मध्येच रद्द केली होती, आणि त्या देशात जन्मठेपही नाही. कमाल शिक्षा २५ वर्षांची. गोव्याच्या प्रश्नावरून ज्याच्याशी भारताचे राजनैतिक संबंध एकोणीस वर्षे तुटलेले होते आणि ज्याच्याशी त्या वेळी प्रत्यर्पणाचा करारही नव्हता, अशा या देशाला डिसेंबर २००२ मध्ये उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी लेखी हमी दिली, की सालेमला फाशी होणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा अधिक काळ तुरुंगात ठेवले जाणार नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये तो भारताच्या हवाली झाला.

त्यानंतर विशेषतेच्या तत्त्वावरून जे घडले ते अभ्यासकाने बारकाईने पाहावे असे आहे. मुंबईच्या टाडा न्यायालयात त्याच्यावर जे आणखी आरोप ठेवले गेले ते हमीच्या बाहेरचे आहेत अशी तक्रार लिस्बनपर्यंत गेली, आणि सप्टेंबर २०११ मध्ये तेथील न्यायालयाने अट मोडली गेली आहे म्हणून प्रत्यर्पणच रद्द ठरवले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याआधी, २०१० मध्ये, हे आरोप चालू शकतात असे म्हटले होते. २०१३ मध्ये सरकारने त्यांपैकी काही मागे घेण्याची परवानगी मागितली आणि न्यायालयाने ती दिली. दोन देशांची न्यायालये एकाच कागदाचा वेगळा अर्थ लावत होती, आणि आरोपी मात्र जेथे होता तेथेच होता. हातात असलेला मनुष्य हाच शेवटी सर्वांत मोठा युक्तिवाद, हे मार्सेलिसचे सूत्र शंभर वर्षांनंतरही चालले. पण पूर्णपणे नाही. २०१७ मध्ये जन्मठेप झाल्यावर सालेम सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ११ जुलै २०२२ रोजी त्या न्यायालयाने म्हटले की सरकारने दिलेला शब्द न्यायालयाला शिक्षा ठोठावताना बांधत नाही, पण सरकारला तो पाळावाच लागेल, आणि २५ वर्षे पुरी झाल्यावर केंद्राने राष्ट्रपतींना तसा सल्ला देऊन त्याला सोडावे. १९१० मधल्या माणसाला परक्या राज्याच्या मानाखेरीज आधार नव्हता. २०२२ मधल्या माणसाने परक्या राज्याला दिलेले वचन आपल्याच नावाने न्यायालयात वापरले. दोन माणसांची तुलना येथे अभिप्रेत नाही, आणि ती कोणी करूही नये; बदलले ते त्या दोघांच्या मध्ये उभे असलेले कायद्याचे अंतर.

ते अंतर आता तुरुंगाच्या आतपर्यंत पोहोचले आहे. राजकीय अपराधाचा वाद आजच्या मागण्यांमध्ये क्वचित निघतो. त्याऐवजी मागितलेल्या माणसाला कोठे ठेवणार, असे विचारले जाते. विजय मल्ल्या यांच्या प्रकरणात लंडनच्या वेस्टमिन्स्टर न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये मुंबईच्या आर्थर रोड कारागृहातील बराक क्रमांक १२ ची चित्रफीत मागितली, आणि ती दुपारच्या वेळी, दिवे न लावता, खिडक्या दिसतील अशा रीतीने घ्यावी असे सांगितले, कारण दिलेल्या छायाचित्रांवरून कोठडीत नैसर्गिक उजेड किती येतो याविषयी न्यायाधीशांचे समाधान झाले नव्हते. भारत सरकारने चित्रफीत पाठवली. १० डिसेंबर २०१८ रोजी निकाल भारताच्या बाजूने लागला, अपील फेटाळले गेले, आणि हस्तांतरण तरीही झालेले नाही. नीरव मोदी यांच्या आणि पुढे अँटवर्पच्या न्यायालयात मेहुल चोक्सी यांच्या प्रकरणात पुन्हा तीच बराक आली: तिची लांबी-रुंदी, तिच्यातील माणशी जागा, पंखे, आणि दिवसातून किती वेळ बाहेर सोडणार याच्या हमीपत्रांसह.